सूचनापेटीतल्या २१२ सूचनांचं पुढे काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनी मध्यम आकाराची, माणसं साधारण १८०, उत्पादन स्वतःचं. दीड वर्षापूर्वी मालकांनी ठरवलं की आता 'इनोव्हेशन' मनावर घ्यायचं. मग सूचनापेटी आली, दोन दिवसांची हॅकेथॉन (गटांनी सलग बसून नव्या कल्पना घडवण्याची स्पर्धा) झाली, निरनिराळ्या विभागांतल्या सात जणांची समिती नेमली गेली, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाशी सामंजस्य करार झाला आणि एका स्टार्टअपबरोबर मिळून नवं उत्पादन करायला घेतलं. आज हाती आहेत २१२ सूचना, तीन अर्धवट प्रोटोटाइप (चाचणीचे नमुने), स्टार्टअपशी आलेला दुरावा आणि "हे सगळं फोटोपुरतं होतं" असं म्हणणारे कर्मचारी. प्रश्नकर्त्यांना हवं आहे ते असं: माणसांमध्ये नवं काही करण्याची वृत्ती कशी रुजवायची, बाहेरच्यांबरोबर काम कसं जमवायचं, आणि त्यासाठी एखादं चांगलं सॉफ्टवेअर किंवा प्रशिक्षण आहे का?

मी बावीस वर्षं उत्पादन विकासाच्या कामात आहे. पहिली बारा वर्षं कारखान्याच्या डिझाइन विभागात गेली. त्यानंतर मध्यम आकाराच्या कंपन्यांना नवं उत्पादन बाजारात नेण्यासाठी मदत करते. तुमच्यासारखी परिस्थिती मी बरेचदा पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचा प्रश्न थोडा फिरवून मांडते. १८० माणसांकडून २१२ सूचना आल्या, म्हणजे वृत्ती तुमच्याकडे आहे. ती रुजवायची गरज नाही. तुम्ही सूचना मोजल्यात, पण त्यातल्या किती सूचनांना स्पष्ट 'हो' किंवा स्पष्ट 'नाही' मिळालं, हे कुठे लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की तो आकडा फार लहान असेल. तुमचं पाणी तिथे मुरतंय. सुचल्यापासून ते कोणीतरी पैसे, माणूस आणि तारीख ठरवेपर्यंतची वाट तुमच्या कंपनीत नाही. बाहेरच्या भागीदारांशी जे झालं त्याचं कारणही मला तेच वाटतं, फक्त तिथे ते जास्त ठळकपणे दिसलं. आतमध्ये निर्णय कोणाचा हे ठरलेलं नसेल, तर बाहेरच्या माणसाला तुम्ही काय उत्तर देणार?

माझ्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. तिथे एका मशीन ऑपरेटरने फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनात, एक छोटा बदल सुचवला होता. भाग पकडण्याची पद्धत थोडी बदलली तर दर वेळी जुळवाजुळव करण्यात जाणारी काही मिनिटं वाचणार होती. बदल वर्कशॉपमध्ये दुपारभरात करता आला असता. अर्ज पाच टेबलांवरून फिरला. कोणीही त्याला नकार दिला नाही. सुपरवायझर म्हणाले चांगलं आहे, मेंटेनन्सने म्हटलं डिझाइनची सही हवी, आम्ही डिझाइनवाले म्हणालो की क्वालिटीचं मत घेऊ. अकरा महिन्यांनी तो कागद माझ्या खणात सापडला. मी त्या माणसाकडे गेले, माफी मागितली आणि बदल करून घेतला. मिनिटं वाचली. पण त्यानंतर मी तिथे असेपर्यंत त्यांनी एकही सूचना दिली नाही, आणि त्यांच्या आजूबाजूच्या आठ-दहा जणांनीही नाही. नकार मिळाला असता तर ते बहुधा पुन्हा आले असते. उत्तरच मिळालं नाही, म्हणून थांबले.

तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीत गेले की आधी निर्णयाची उंची बघते: एवढ्याशा गोष्टीसाठी कागद किती वर चढावा लागतो? टोयोटाची सूचना पद्धत १९५१ पासून चालू आहे आणि अनेकांनी तिची नक्कल केली. बहुतेकांनी नक्कल केली ती पेटीची आणि बक्षिसाची. त्या पद्धतीतला जिवंत भाग असा, की बहुतांश सूचना माणसाच्या स्वतःच्या कामाबद्दल असतात आणि त्याचा गटप्रमुख त्या तिथल्या तिथे करून बघू शकतो. सूचना वर पाठवण्याऐवजी अधिकार खाली आलेला असतो.

मी स्वतः जे बसवते ते साधं आहे. लहान बदल, म्हणजे जो एका विभागात राहतो आणि चुकला तर दिवसभरात पूर्ववत करता येतो, तो गटप्रमुखाने कोणाला न विचारता करून बघायचा. त्यासाठी त्याच्या हाताशी दर महिन्याला ठरावीक छोटी रक्कम असते आणि तिचा हिशोब नंतर द्यायचा असतो. मधला बदल दोन-तीन विभागांना लागतो. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी पाऊण तासाची बैठक, आणि तिथे उत्पादन, खरेदी, विक्री आणि गुणवत्तेचे प्रमुख स्वतः हजर हवेत, त्यांचे प्रतिनिधी चालत नाहीत. प्रतिनिधी आला की "सरांना विचारून सांगतो" सुरू होतं आणि पुढचे पंधरा दिवस गेले. मोठं काम, म्हणजे नवं उत्पादन, नवी यंत्रणा किंवा बाहेरचा भागीदार, ते मालकांसमोर तीन महिन्यांतून एकदा. या तिन्ही पातळ्यांना एकच नियम आहे: सूचना आल्यापासून पंधरा दिवसांत हो, नाही किंवा 'अमुक माहिती आणा' यांपैकी एक लेखी उत्तर, कारणासह. 'विचाराधीन' हे उत्तर धरायचं नाही.

नकाराचं कारण लिहिणं लोकांना जड जातं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगते. "सध्या शक्य नाही" हे कारण नव्हे. "या बदलाने साचा बदलावा लागतो, साच्याचा खर्च वसूल व्हायला आपल्या सध्याच्या मागणीत चार वर्षं लागतील" हे कारण आहे. असं कारण मिळालं की माणूस कधीकधी महिन्याने परत येतो आणि म्हणतो, साचा न बदलता असं केलं तर? माझ्या अनुभवात कामाच्या कल्पनांपैकी बऱ्याच अशा दुसऱ्या फेरीत आलेल्या असतात. पहिल्या फेरीत माणसाला फक्त त्याचं काम दिसत असतं. तुमच्या कारणामुळे त्याला धंदा दिसायला लागतो.

आता तुमच्या सात जणांच्या समितीकडे येते. ही माणसं चांगली असतील याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याकडे बजेट आहे का? आठवड्याचे किती तास या कामाचे म्हणून मोकळे केले आहेत? आणि त्यांचं अप्रेझल कशावर होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो.

खरेदी विभागाचं उदाहरण घेऊ, कारण नव्या कामात सर्वांत जास्त शिव्या त्यांना बसतात आणि त्यात त्यांचा दोष फार कमी असतो. खरेदीप्रमुखाचं वर्षाचं मूल्यमापन साधारणपणे दर किती कमी केला आणि माल वेळेवर आला का यावर होतं. तुमची नवी कल्पना त्याच्याकडे काय घेऊन येते? अनोळखी व्हेंडर, वीस-पंचवीस नगांची ऑर्डर, चढा दर, आणि माल वेळेवर येईलच याची खात्री नाही. तुम्ही त्याला सांगताय की स्वतःच्या गुणपत्रिकेवर लाल शेरा मारून घे आणि वर उत्साह दाखव. तो फाइल खाली सरकवतो. त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. उत्पादनप्रमुखाचंही तसंच: दिवसाचे नग त्याला द्यायचे आहेत, आणि प्रोटोटाइपसाठी मशीन दोन तास थांबवलं की त्या दिवसाचा आकडा पडतो.

यावर भाषण किंवा प्रशिक्षण उपयोगी पडत नाही. मोजमाप बदलावं लागतं, आणि त्यासाठी फार मोठी उलथापालथ लागत नाही. एका कंपनीत आम्ही एवढंच केलं: चाचणीसाठी घेतलेला माल खरेदीच्या दर-हिशोबातून वगळला आणि 'विकास' या वेगळ्या खात्यावर टाकला. उत्पादनाच्या साप्ताहिक लक्ष्यातून प्रोटोटाइपचे चार तास आधीच वजा केले. त्या दोन ओळी बदलल्यावर जी कामं सहा महिने अडली होती, ती दोन महिन्यांत हलली. माणसं तीच होती. त्यांच्यात कोणतीही नवी वृत्ती आलेली नव्हती.

तुमच्या अर्धवट प्रोटोटाइपबद्दल मला एक विचारावंसं वाटतं: ते पूर्ण झाले असते तर कोणी घेतले असते? म्हणजे ते चालवणारा, विकणारा, त्यांची सर्व्हिस करणारा माणूस ठरला होता का? नेटफ्लिक्सने २००६ मध्ये एक जाहीर स्पर्धा लावली होती. प्रेक्षकाला कोणता चित्रपट आवडेल याचा त्यांचा अंदाज जो दहा टक्क्यांनी सुधारेल त्याला दहा लाख डॉलर. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, बक्षीस दिलं गेलं. जिंकणारा गट म्हणजे आधी एकमेकांशी स्पर्धा करणारे गट एकत्र येऊन तयार झालेला गट होता, त्यामुळे मिळून काम करण्याचं ते सुंदर उदाहरण आहे. पण ज्या उत्तराने बक्षीस जिंकलं, ते पूर्ण स्वरूपात नेटफ्लिक्सने वापरलं नाही. अचूकतेत जी भर पडत होती तिच्या मानाने ते रोजच्या यंत्रणेत बसवायचा खटाटोप फार होता, आणि दरम्यान धंदाच टपालाने डीव्हीडी पाठवण्याकडून इंटरनेटवर दाखवण्याकडे वळला होता. मधल्या टप्प्यावर, तोवरच्या प्रगतीसाठी दिलेल्या पहिल्या वर्षाच्या छोट्या बक्षिसातून आलेल्या दोन पद्धती मात्र त्यांनी कामाला लावल्या. मी यातून घेते ते असं, की चाचणी सुरू करतानाच शेवटी ती उचलणारा माणूस खोलीत असावा. तो सांगेल की दहा टक्के सुधारणा मला पेलवणार नाही, पण आठ टक्क्यांची सोपी पद्धत द्या, ती मी उद्या लावतो.

म्हणून कुठलीही चाचणी सुरू होण्याआधी मी एक पान लिहून घेते. त्यात आपण काय गृहीत धरतोय ते असतं, आणि ते खरं की खोटं हे सर्वांत स्वस्तात कसं कळेल ते असतं. कोणता निकाल आला तर आपण थांबणार हे आकड्यात लिहिलेलं असतं. यशस्वी झालं तर कोणाच्या ताब्यात जाणार त्याचं नाव आणि सही असते. थांबण्याचा आकडा आधी लिहिणं फार गरजेचं आहे. नंतर त्या कामावर माणसांचा जीव जडतो, आणि "अजून एक महिना" असं करत घोंगडं भिजत पडतं. तुमचे तीन प्रोटोटाइप अर्धवट आहेत ते बहुधा यामुळेच. ते बंद करायचं कोणी ठरवलं नाही आणि पुढे न्यायचंही कोणी ठरवलं नाही.

इथपर्यंत जे लिहिलं ते आतल्या कामाचं: उत्तराची मुदत, खाली आलेला अधिकार, बदललेलं मोजमाप आणि चाचणीचं एक पान. यात एक गोष्ट राहते ती म्हणजे भीती. संघटनांच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलट निघाले, चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कळलं की त्या गटांत माणसं चूक झाली की मोकळेपणाने बोलत होती, आणि इतर गटांत लपवत होती. तुमच्याकडे फसलेल्या चाचण्यांची यादी कोरी असेल, तर आनंद मानू नका. पुढच्या बैठकीत मालकांनी स्वतःचा फसलेला एखादा निर्णय आकड्यांसकट सांगावा. मी हे चार-पाच ठिकाणी करायला लावलं आहे. खोलीतली हवा बदलते, पण हे एकदा करून भागत नाही, दर तिमाहीला करावं लागतं.

आणि बसण्याच्या जागा. ही बाब लोकांना क्षुल्लक वाटते. एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं होतं की दोन अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण पन्नास मीटरपलीकडे आठवड्यातून एकदा बोलणंही दुर्मीळ होतं. डिझाइन वरच्या मजल्यावर आणि उत्पादन आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर चाचणीच्या काळापुरतं तरी दोघांना एका खोलीत बसवा. फोन आणि चॅट आहेत हे मला माहीत आहे. पण फोन करायला प्रश्न आधी सुचावा लागतो, आणि शेजारी बसलेल्याच्या हातातला भाग बघून प्रश्न आपोआप सुचतो.

आता बाहेरच्यांबरोबरचं काम. इथे माझं मत ठाम आहे: मिळून केलेलं काम बहुतेक वेळा सांध्यावर मोडतं. तुमचा भाग उत्तम असतो, त्यांचा भाग उत्तम असतो, आणि दोन्ही जिथे जुळायचे त्या जागेचा कोणी धनी नसतो. एअरबसच्या ए३८० विमानाची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. विमानाचे भाग निरनिराळ्या देशांत तयार होत आणि फ्रान्समधल्या तुलूझला जोडले जात. या विमानात जवळपास ५३० किलोमीटर तारा आहेत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूझला बसेनात, लांबी कमी पडायला लागली. एक महत्त्वाचं कारण असं निघालं की जर्मन आणि फ्रेंच बाजूचे अभियंते एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होते, एकीकडे कॅटिया ४ आणि दुसरीकडे कॅटिया ५. त्यामुळे एका बाजूला झालेला बदल दुसऱ्या बाजूच्या आराखड्यात नीट उतरत नव्हता. २००६ मध्ये हे जाहीर झालं आणि सगळं मिळून काम सुमारे दोन वर्षं मागे पडलं. ही माणसं एकाच कंपनीची होती. त्यांच्या हुशारीबद्दल कोणाला शंका नव्हती. सांध्याकडे वेळेवर बघितलं गेलं नाही.

तुमच्या स्टार्टअपबरोबर नेमकं काय झालं ते तुम्ही सांगितलेलं नाही. "ते वेळ पाळत नाहीत आणि आमचं ऐकत नाहीत" एवढंच लिहिलंय. मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, म्हणून त्यांच्या बाजूने तीन गोष्टी तपासायला सांगते. पहिली, तुम्ही त्यांचं बिल किती दिवसांनी देता? नव्वद दिवसांची उधारी मोठ्या व्हेंडरला चालते. आठ माणसांच्या कंपनीचे दोन पगार त्यात अडकतात, मग ते दुसरं काम घेतात आणि तुमचं मागे पडतं. दुसरी, त्यांना तुमच्याकडून उत्तर कोण देतं? डिझाइनचा प्रश्न एकाला, पैशांचा दुसऱ्याला, चाचणीच्या तारखेचा तिसऱ्याला असं असेल, तर त्यांचा अर्धा वेळ तुमच्या दारात जातो. तिसरी, सांध्याची व्याख्या कागदावर आहे का: कोणती मापं, कोणते कनेक्टर, कोणत्या स्वरूपातली फाइल, कोणती चाचणी पास झाली म्हणजे भाग स्वीकारला? करार वीस पानांचा असतो आणि त्यात गोपनीयता, दंड, न्यायालय सगळं असतं. ही दोन पानं मात्र नसतात.

मी प्रत्येक संयुक्त कामात दोन्ही बाजूंनी एकेक माणूस 'सांध्याचा' म्हणून नेमायला सांगते. त्याचं काम एवढंच: दर आठवड्याला दोन्ही बाजूंचे अर्धवट भाग, अर्धवट का असेनात, एकमेकांना जोडून बघायचे. पुठ्ठ्याचा नमुना असला तरी चालेल. सहा महिन्यांनी जुळत नाही हे कळण्यापेक्षा दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं बरं, तेव्हा कोणाचाच जीव त्यात अडकलेला नसतो.

हक्काचं बोलणंही आधी उरकून घ्या, ते कितीही अवघड वाटलं तरी. पेनिसिलिनचा इतिहास मला या दृष्टीने नेहमी आठवतो. १९४१ मध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली हे शास्त्रज्ञ ऑक्सफर्डहून अमेरिकेत गेले. बुरशीपासून औषध कसं काढायचं हे त्यांना माहीत होतं, पण मोठ्या प्रमाणावर जमत नव्हतं. अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेला किण्वनाचं, म्हणजे आंबवण्याच्या प्रक्रियेचं, काम माहीत होतं. तिथे मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी वापरून पाहिलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. पुढे एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले औषध उत्पादक माहिती वाटून घ्यायला तयार झाले, आणि १९४४ पर्यंत युद्धाला पुरेल इतकं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. प्रत्येकाकडे कोड्याचा वेगळा तुकडा होता आणि गरज सगळ्यांची एक होती, म्हणून ते जमलं. पण त्याच पिओरियात हीटलींबरोबर काम करणाऱ्या अँड्र्यू मोयर यांच्या नावावर १९४८ मध्ये उत्पादनपद्धतीचं पेटंट झालं, आणि त्याची कटुता ब्रिटिश बाजूला बराच काळ राहिली. इतक्या मोठ्या कामातसुद्धा 'यातलं कोणाचं काय' हा प्रश्न मागे उरतो, तर तुमच्या-माझ्या कामात उरणारच. साधी विभागणी बहुतेक वेळा पुरते: जे आधीपासून ज्याचं आहे ते त्याचं राहील, काम करताना जे नवं निघेल ते कोणत्या क्षेत्रात कोण वापरेल ते लिहायचं, आणि वेगळं व्हायची वेळ आली तर काय, तेही लिहायचं. वकील लागेल, पण वकिलाकडे जाण्याआधी दोन्ही मालकांनी एका पानावर स्वतःच्या भाषेत हे लिहावं. ते पान लिहिता आलं नाही, तर काम सुरू करू नका.

करार सगळं करत नाही हेही खरं. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनत असे, आणि टोयोटाकडे साठा अगदी थोडा होता. गाड्यांचं उत्पादन थांबलं. मग साठच्या वर कंपन्यांनी तो व्हॉल्व्ह स्वतःकडे बनवायला घेतला. त्यातल्या काहींनी असं काम कधी केलेलं नव्हतं, एक तर शिलाई मशीनसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी होती. पैशांचा हिशोब नंतर झाला. काही दिवसांत कारखाने पुन्हा सुरू झाले. असा विश्वास आगीच्या दिवशी तयार होत नाही. एकमेकांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं जाऊन, एकमेकांच्या अडचणी सोडवून, वेळेवर पैसे देऊन तो साठलेला असतो. तुम्ही स्टार्टअपशी पहिल्याच कामात मोठं उत्पादन घेतलंत. मी एखादा सहा आठवड्यांचा तुकडा आधी घेतला असता, तोही असा की जो फसला तरी दोघांनाही सोसेल.

महाविद्यालयाबद्दल थोडक्यात. त्यांचं घड्याळ वेगळं आहे: परीक्षा, प्रबंध, शोधनिबंध. तातडीचं काम त्यांना देऊ नका, तिथे दोघांचाही अपेक्षाभंग होतो. 'हे असं का होतं' अशा स्वरूपाचा, वर्षभर चालेल असा प्रश्न द्या आणि तुमचा एक अभियंता महिन्यातून दोनदा तिथे बसवा. बाहेरचं ज्ञान आत यायचं तर ते समजून घेणारा माणूस आत असावा लागतो. कोहेन आणि लेव्हिन्थल या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये हेच मांडलं होतं की स्वतः थोडंफार संशोधन करणाऱ्या कंपनीलाच दुसऱ्याचं संशोधन उचलता येतं. मी पाहिलेल्या अनेक करारांचं गाडं इथेच अडलं. अहवाल आला, छान बांधलेला होता, तो वाचून कामाला लावणारा कोणी नव्हता.

आणि बाहेर कोणालाही प्रश्न देताना तो तुमच्या धंद्याच्या परिभाषेतून मोकळा करून द्या. इनोसेंटिव्ह नावाच्या मंचावर कंपन्या आपले अडलेले शास्त्रीय प्रश्न जाहीर करत. तिथल्या १६६ प्रश्नांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना न सुटलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के प्रश्न बाहेर सुटले, आणि प्रश्न ज्याच्या क्षेत्रापासून दूरचा होता त्याने तो सोडवण्याची शक्यता जास्त होती. दूरच्या माणसाला प्रश्न कळला तरच हे होतं. "आमच्या गॅस्केटची (दोन भागांमधली फट बंद करणाऱ्या चकतीची) गळती थांबवा" यापेक्षा "दोन धातूंच्या मधली फट तापमान दोनशे अंशांनी बदललं तरी बंद राहिली पाहिजे" असं लिहिलं, तर गॅस्केट कधी न पाहिलेला माणूसही विचार करू शकतो.

हे सगळं कशावर अवलंबून आहे, तेही सांगते. तुमचं उत्पादन औषध, अन्न किंवा सुरक्षेच्या नियमांखाली येत असेल, तर 'गटप्रमुखाने करून बघावं' ही मुभा खूप आखडती घ्यावी लागेल, तिथे प्रत्येक बदलाची नोंद आणि मंजुरी लागतेच. हाताशी सहा महिन्यांची रोकड नसेल, तर नव्या उत्पादनाला हात घालू नका. आधी खर्च वाचवणाऱ्या लहान सूचना घ्या, त्यातून पैसा मोकळा होईल. तुमचा मोठा ग्राहक एकच असेल, तर नवं उत्पादन त्याला दाखवायचं की त्याच्यापासून लपवायचं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर तुमचे संबंध बघूनच देता येईल. चारही प्रमुख दर पंधरा दिवसांना पाऊण तास आणि मालक स्वतः तीन महिन्यांतून एकदा वेळ देणार नसतील, तर मी तुम्हाला समिती आजच बरखास्त करायला सांगेन. त्या माणसांचा उत्साह पुढच्या खऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवा.

सॉफ्टवेअर सध्या घेऊ नका. २१२ सूचनांना एक स्प्रेडशीट पुरते: सूचना, कोणाची, तारीख, निर्णय कोणाचा, उत्तर, कारण. या सहा रकान्यांतला 'निर्णय कोणाचा' हा रकाना भरता येत नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर तो भरून देणार नाही. प्रशिक्षणही नंतर. वाट तयार झाल्यावर चालायला शिकवलं, तर उपयोग आहे.

सुरुवात मी अशी करेन. येत्या तीन आठवड्यांत त्या २१२ सूचना निकाली काढा. चार प्रमुख एका खोलीत, एका सूचनेला तीन मिनिटं. असे साधारण अकरा तास लागतील, ते चार-पाच बैठकींत विभागा. बऱ्याच सूचना एकमेकांसारख्या निघतील. वीस-पंचवीस अशा सापडतील की त्या त्याच आठवड्यात करता येतात, त्या करूनच टाका. उरलेल्या प्रत्येकाला कारणासह उत्तर द्या, आणि ते लेखी उत्तर त्याच्या प्रमुखाने समोर जाऊन द्यावं, ईमेलने नको. इतक्या उशिरा उत्तर देताना दिलगिरीही व्यक्त करा. तिन्ही प्रोटोटाइपना प्रत्येकी एक पान लिहा. ज्याचं पान भरता येत नाही तो बंद करा आणि बंद का केला ते सगळ्यांना सांगा. स्टार्टअपच्या लोकांना मालकांनी स्वतः फोन करावा आणि त्यांचं थकलेलं बिल असेल तर ते फोन करण्याआधी द्यावं.

तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: २१२ पैकी किती सूचनांना आजपर्यंत लेखी उत्तर गेलं, खरेदी आणि उत्पादनप्रमुखांचं अप्रेझल कोणत्या आकड्यांवर होतं, आणि स्टार्टअपबरोबरच्या करारात भाग स्वीकारण्याची चाचणी लिहिली आहे का. ते कळलं की तुमच्या बाबतीत आधी कुठे हात घालायचा, हे मला जास्त नेमकं सांगता येईल.